शेठनं तपासलेलं टिश्यू

कपड्याची पारख आपल्याएवढी अख्ख्या अंबरनाथ पूर्वेत कुणाला नाही, असं गयाबाईंचं स्वतःचं ठाम मत होतं! त्यामुळे त्यांच्याकडे राहून पीएचडी करणारी भाची यशोधरा फोनवर कुणाला तरी "रेशमाचं टिश्यू" म्हणाली, तेव्हा पुढचं ऐकायची त्यांना गरजच वाटली नाही. टिश्यू सिल्कची साडी! आणि इकडे धम्मदीपचं, त्यांच्या मुलाचं, लग्न ठरलेलं! त्यांनी लगेच बदलापूरला विहीणबाईंना फोन लावला.

"नवरीची पांढरी साडी आमच्या घरची हां! आमची यशो स्वतः बनवतेय!"

आता मॅचिंग ब्लाऊजपीस नको? यशोधरा आंघोळीला गेली तशी गयाबाईंनी तिच्या बॅगेतली डबी उचलली. आत हातरुमालाएवढा नमुना, दुधावरच्या सायीसारखा पातळ. रिक्षा थेट उल्हासनगरला!

कापडवाल्या शेठनं नमुना चिमटीत धरला.

"मावशी, इतना बारीक? धागाच दिसत नाय! असली आहे ना?"

"म्हणजे काय! घ्या तपासून!"

रेशीम तपासायचं तर एक धागा काढून जाळतात. इथं धागाच निघेना. मग शेठनं कोपऱ्यालाच काडी लावली. फुस्स! रुमाल गायब, मिरीएवढी काळी गोळी शिल्लक. शेठनं ती चुरडून हुंगली.

"केस जळल्याचा वास! एकदम प्योर!"

गयाबाई तरंगतच घरी आल्या.

"यशो, शंभर टक्के असली निघालं गं!"

यशोधरानं रिकामी डबी उलटी करून झटकली.

"आत्या! उद्या सरांना दाखवायचं होतं ते! माणूस भाजला की जखमेवर लावायला रेशमापासून बनवतोय आम्ही. त्याच्या आधारानं नवी कातडी धरावी म्हणून. शरीरातलं टिश्यू गं, साडीतलं नाही!"

भाजलेल्यांसाठीची वस्तू आपण काडी लावून आलो! गयाबाईंना कुठं तोंड लपवू असं झालं.

"मी येते लॅबमध्ये. नवीन करायला मदत करते."

"नको!" यशोधरा जवळजवळ किंचाळलीच. "तू फक्त डबा भरून दे!"

तेवढ्यात फोन वाजला. विहीणबाई! साडी कुठवर आली, विचारत होत्या.

फोनवर हात ठेवून गयाबाई कुजबुजल्या, "साडीएवढं करायला किती वेळ लागेल गं?"

"अजून दोन पीएचड्या!"

गयाबाईंनी घसा साफ केला.

"विहीणबाई, साडी एकदम प्योर होतेय हो... फक्त लग्न जरा पुढं ढकलता येईल का?"