बोगद्यातला नववा

नोलीन गॅलब्रेथने कागदावर ‘निघाले : आठ’ असं लिहिलं, खाली सही केली आणि सहीखाली ठसठशीत रेघही मारली, कारण शेजारी हेक्टर उभा होता.

मार्चमध्ये सायकल मंडळाचा एक सभासद झुडपामागे गेलेला असताना नोलीन बाकीच्यांना घेऊन पुढे निघून गेली होती. तो बिचारा तीन तास मेंढ्यांच्या सोबतीने बसून होता. तेव्हापासून कमिटीचा हुकूम होता : निघालेले आणि पोचलेले पुन्हा जुळले नाहीत, तर म्होरकेपणाची शिट्टी हेक्टर मॅकस्किमिंगकडे. नवरा गेल्यापासून नोलीनचा सगळा आठवडा या गुरुवारच्या फेरीवर चालायचा. शिट्टी गेली की गुरुवारही गेला, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक हेक्टरलाही होतं, पण त्याचा सहा वर्षांपासून शिट्टीवर डोळा होता.

धुकं असं दाट होतं की डाव्या हाताची नदी नुसती ऐकू येत होती. रूळ उखडून चाळीस वर्षं झालेल्या त्या वाटेवर पुढच्याची पिवळी बंडी तेवढी दिसायची, तीही मधूनच नाहीशी व्हायची. मंडळाची जुनी रीत अशी, की फाटक किंवा पूल ओलांडला की पुढच्याने ‘एक’ म्हणायचं, त्याच्या मागच्याने ‘दोन’, असं शेपटापर्यंत. पहिल्या पुलापलीकडे नोलीनने ‘एक’ म्हटलं. आकडे मागे मागे जात धुक्यात शिरले. ‘आठ’ आला, आणि नोलीन पायडल मारणार तोच मागून एक म्हातारा, शांत आवाज आला, “नऊ.”

“तू तर आठ लिहिलेस,” हेक्टर म्हणाला.

“कोणीतरी चावटपणा करतंय.”

“मग परत मोज की. मला कुठे घाई आहे.”

परत मोजले, नऊच झाले. यादी काढून नावं पुकारली तेव्हा मात्र आठच ‘हो’ आले. नोलीन मागे जाऊन बघून आली. माणसं नऊ होती खरी, पण सगळ्यांच्या बंड्या पिवळ्या, डोक्यावर हेल्मेट, थंडीमुळे नाकापर्यंत मफलर. कोण कोण आहे ते त्यांच्या आयांनाही ओळखता आलं नसतं.

एवढं होऊन सरळ ‘तुम्ही कोण?’ असं का नाही विचारलं, हे परक्याला कळायचं नाही. आमच्या ओटागोत, न्यूझीलंडच्या या दक्षिण टोकाला, असं विचारणं म्हणजे चिखलाचे बूट घालून माणसाच्या बैठकीत शिरणं. नोलीनला वाटलं, मंडळातल्या ग्लेनिसचा दीर असेल. ग्लेनिसला वाटलं, हेक्टरचा पाहुणा असेल. हेक्टरला काहीच वाटलं नाही. नऊ हा आकडा त्याच्या सोयीचा होता. तेव्हा नोलीनने शिट्टी फुंकली, मागच्या धुक्यात तोंड करून “रेंगाळू नका, रांग धरा” असं खडसावलं आणि ती पुढे निघाली.

बोगद्याच्या अलीकडे चहाला थांबले. ग्लेनिसने चीज रोलचा डबा उघडून फिरवला आणि डबा तिच्याकडे रिकामा परत आला.

“मी मोजून सोळा केले होते,” ती म्हणाली. “माणशी दोन. माझे कुठायत?”

सगळ्यांनी शपथेवर सांगितलं की आपण दोनच खाल्ले.

“चला, म्हणजे भूत तरी नाही,” नोलीन म्हणाली. “भूत कशाला चीज रोल खाईल?”

“ग्लेनिसचे असले तर खाईल,” हेक्टर म्हणाला. पण त्यानेही बोलता बोलता एकदा मागे वळून पाहिलं.

बोगदा तीनशे मीटरचा आहे आणि मधोमध वळतो, त्यामुळे आत गेलं की दोन्हीकडचा उजेड जातो. तो खोदताना दरड कोसळून काही माणसं आतच राहिली. किती, ते कोणी नीट सांगू शकत नाही. तेव्हा मोजायची रीत नव्हती. मंडळाच्या नियमाप्रमाणे बोगद्यात सायकल हातात धरून चालायचं आणि कोणी मागे राहू नये म्हणून म्होरक्याने सर्वांत शेवटी यायचं.

नोलीन शेवटी शिरली. भिंतींवरून पाणी ठिबकत होतं. वळणावर हेक्टरने ‘एक’ म्हटलं आणि आकडे काळोखातून एकेक करत तिच्याकडे येऊ लागले. तिच्या पुढे चालणारी ग्लेनिस म्हणाली, “सात.” नोलीनचा जीव भांड्यात पडला. हिशेब जुळला होता. तिने अगदी खणखणीत आवाजात ‘आठ’ म्हटलं.

“नऊ,” तिच्या खांद्यामागून कोणीतरी म्हणालं.

आवाज शांत होता. नोलीनने मागे पाहिलं नाही. बोगद्यात सायकलवर बसायचं नाही हा नियम तिनेच केला होता. तो मोडून ती ग्लेनिसच्या आधी बाहेर आली.

बाहेर सगळे उभे राहिले. माणसं आठ होती.

“मोजले नऊ आणि आहेत आठ,” हेक्टर म्हणाला. “मार्चसारखंच झालं की.”

“कागदावर आठच आहेत,” ग्लेनिस म्हणाली. “नोलीन, सही कर आणि चल. मला इथे थांबवत नाही.”

सही करून मोकळं होणं सोपं होतं. शिट्टीही वाचली असती. पण नोलीनला तो मेंढ्यांमध्ये बसलेला माणूस आठवला. “आत कोणी असेल, तर त्याला टाकून मी जाणार नाही,” ती म्हणाली. “हाका मारा.”

“नाव काय घेऊन?” हेक्टरने विचारलं.

शेवटी आठही जण बोगद्याच्या तोंडाशी उभे राहून एका सुरात ओरडले, “नऊ!”

जरा वेळाने आतून उत्तर आलं. “नऊ.”

“प्रतिध्वनी आहे,” हेक्टर घाईने म्हणाला.

“आपण आठ जण ओरडलो,” ग्लेनिस म्हणाली. “हा एकाचा होता.”

तेवढ्यात डोंगरावरच्या रस्त्याने एक जुनाट पिकअप खाली आला. एक बाई चालवत होती, मागे एक सायकल आणि दोन कुत्रे. बाजूच्या सीटवरून पिवळी बंडी घातलेला एक म्हातारा उतरला. त्याच्या हातात ग्लेनिसचा पेला होता.

“हा चुकून माझ्याकडे राहिला,” तो ओशाळून म्हणाला. “मी आयव्हन टूल. पुलापाशी राहतो.”

“दूध आणायला गेला होता हा,” बाई गाडीतूनच म्हणाली. “साडेआठला.”

“मी वळणार होतो,” आयव्हन नोलीनला म्हणाला. “पण तुम्ही रांग धरा म्हणालात. आकडे मोजत होतात, म्हणून मीही आपला म्हटला. रोल फार छान होते.”

सगळे इतके हसले की कुत्रे भुंकायला लागले. ग्लेनिसने तर त्याला आणखी रोल करून पाठवायचं कबूल केलं. नोलीनने डोळे पुसले.

“पण बोगद्यात माझ्या मागे कशाला राहिलात हो? केवढी घाबरले मी.”

आयव्हनचं हसू मावळलं. “बोगद्यात मी नव्हतो,” तो म्हणाला. “चहा झाल्यावर मी माघारी फिरलो आणि हिला फोन केला. एकाहत्तर वर्षं इथे राहतोय. त्यातून मी कधी गेलेलो नाही.”

त्याने पेला ग्लेनिसच्या हातात दिला आणि तो घाईने गाडीत जाऊन बसला.

मग हेक्टरने कागद मागून घेतला आणि स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘पोचले : आठ’. “निघाले आठ, पोचले आठ,” तो म्हणाला. “कमिटीला बोट ठेवायला जागा नाही. शिट्टी तुझीच.”

“आता परत जायचं,” ग्लेनिस हळूच म्हणाली. सगळ्यांच्या मोटारी बोगद्यापलीकडे, सुरुवातीच्या जागी होत्या.

नोलीनने बोगद्याकडे पाहिलं. मग गळ्यातली शिट्टी काढून तिने हेक्टरपुढे धरली. “हेक्टर, सहा वर्षं झाली, मला कळत नाही का? घे, आजपासून तू म्होरक्या. मनापासून देतेय.”

हेक्टरने दोन्ही हात बंडीच्या खिशात घातले.

“नाही, नाही,” तो म्हणाला. “कमिटीचा निर्णय आहे, नोलीन. मी कोण मधे बोलणार? तू आपली ये निवांत, सगळ्यांच्या मागून.”