डिफेन्सचा व्यंकट

व्यंकट बिरादार बोलताना समोरच्याच्या पोटाकडं बघतो. डोळ्यांकडं नाही, तोंडाकडं नाही, थेट पोटाकडं. पहिल्यांदा भेटणारा माणूस आधी शर्टाची बटणं चाचपतो, मग पँटची चेन बघतो, आणि तरीही व्यंकटची नजर हलत नाही म्हटल्यावर पोट आत ओढून उभा राहतो. आमच्या लातुरात भल्याभल्यांनी व्यंकटपुढं असा श्वास रोखून धरलेला आहे.

ही खोड त्याला बास्केटबॉलनं लावली. आमच्या क्लबात तो डिफेन्सला खेळायचा. म्हणजे समोरच्या संघातला जो सगळ्यात डेंजर गडी असेल, त्याला चिकटून राहायचं आणि त्याला बास्केट करू द्यायची नाही, एवढंच काम. अशा वेळी चेंडूकडं बघितलं की माणूस फसतो, कारण समोरचा खांद्यानं डावीकडं दाखवतो आणि उजवीकडून निसटतो. म्हणून पोटाकडं बघायचं, असं आमच्या जोशी सरांनी शाळेत असताना सगळ्यांनाच शिकवलं होतं. आम्ही ते मैदानापुरतं ठेवलं. व्यंकटनं ते जन्मासाठी घेतलं.

"माणूस डोळ्यानं खोटं बोलतो, हातानं बोलतो, जिभेचं तर सोडाच," तो सांगायचा. "पोटाला खोटं येत न्हाई. पोट जिकडं, माणूस तिकडं."

खतं-बियाणांच्या दुकानात तो काउंटरला असतो. तिथं हे चालून जातं. पण उदगीरकडं मुलगी बघायला गेला, तिथं घात झाला. मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन आली आणि गेली, व्यंकटनं मान वर केली नाही. त्याची नजर होणाऱ्या सासऱ्याच्या पोटावर. तो बिचारा आधी सावरून बसला, मग त्यानं उपरणं पुढं ओढलं, आणि शेवटी न राहवून म्हणाला, "पाव्हणं, हर्नियाचं तुमाला कुनी सांगितलं?" स्थळ मोडलं. पुढंही दोन-चार ठिकाणी असंच काहीतरी झालं, आणि मग त्याच्या आईनं विषयच सोडून दिला. जळकोटकडच्या गावी शेती थोरल्या भावाकडं आणि लातुरात हे मायलेक दोघं, असा तो राहिला.

खेळातही तो तसाच. चेंडू हातात आला की विंचू अंगावर पडल्यासारखा दुसऱ्याकडं टाकायचा. बास्केटखाली एकटा उभा असला तरी आत टाकणार नाही. मी ओरडायचो, "अरे मार ना!" तर म्हणायचा, "ते माझं काम न्हाई, कॅप्टन."

कॅप्टन म्हणजे मी. माझं औषधांचं दुकान आहे, आणि त्या काळात वजनही आजच्याइतकं नव्हतं.

आमचा खरा वैरी नांदेडचा संघ, आणि नांदेडच्या संघात मुजीब. छत्र्या-बॅगांच्या वडिलोपार्जित दुकानावर बसणारा हा माणूस मैदानात उतरला की नवरदेवासारखा दिसायचा. कोरीव दाढी, अत्तर, हातावर पांढरा पट्टा. डावखुरा. त्याचा चेंडू हातातून सुटताना आवाज येत नसे आणि बास्केटमध्ये शिरतानाही येत नसे. दरवर्षी तो एखाद्या संघाला पाणी पाजायचा. आम्हाला मात्र त्याला पाजता येत नसे, कारण मध्ये व्यंकट असायचा.

हात न लावता, फाऊल न करता व्यंकट त्याच्या अंगावरच्या घामासारखा राहायचा. मुजीब पाणी प्यायला कडेला गेला तरी हा शेजारी. मुजीब वैतागायचा आणि मग त्याचं तोंड सुरू व्हायचं, ते मॅच संपेपर्यंत थांबत नसे.

"अरे यार, तेरेकू घरदार है का नै? मेरी बीवी बी इत्ता पीछे नै पडती! नाश्ते में क्या खाया रे, फेविकॉल? बोल ना कुछ! मुंडी तो उप्पर कर, मेरे पेट में क्या लिखेला है?"

व्यंकट एक शब्द बोलत नसे. रेफ्री हसायचा, प्रेक्षक हसायचे. मुजीब शिव्या देत राहायचा आणि त्याच्या बास्केट होत नसत.

मग एका वर्षी आम्ही नांदेडला खेळायला गेलो आणि मुजीब संघात नव्हता. आम्ही मनातल्या मनात पेढे वाटले. व्यंकटला एका उंच पोराच्या अंगावर सोडलं. पण व्यंकट त्या दिवशी सारखा चुकत होता. पोरगं त्याच्या डावीकडून जायचं, उजवीकडून जायचं, आणि हा त्यांच्या बाकाकडं बघत उभा. आम्ही हरलो. मॅच संपल्यावर तो त्यांच्या एका खेळाडूला काहीतरी विचारत होता, एवढं मी पाहिलं.

त्यानंतर व्यंकट रविवारचा सरावाला येईनासा झाला. आमचा मुख्य सराव रविवारीच. विचारलं तर, "काम निघालं, कॅप्टन." आणि माझ्या दुकानात मात्र यायला लागला. मोठी सिरिंज, गॉज, प्रोटीनची पावडर. आई आजारी आहे का म्हणून विचारलं तर माझ्या पोटाकडं बघत म्हणाला, "न्हाई. हाय एक घरचा."

इकडं क्लबाला नवे सेक्रेटरी आले. मलवाडे. लातुरात त्यांचे क्लासेस चालतात, त्यामुळं कुठल्याही माणसाकडं बघताना त्यांना त्याच्या कपाळावर मार्क दिसतात. त्यांनी मला बोलावलं.

"हे बिरादार. यांनी अख्ख्या वर्षात केलेल्या बास्केट मी एका हाताच्या बोटांवर मोजू शकतो."

"सर, ते डिफेन्सला असतात."

"म्हणजे काय करतात?"

"समोरच्याला करू देत नाहीत."

"जे झालंच नाही, ते मोजायचं कसं?" मलवाडे म्हणाले. "शिवाय सरावाला येत नाहीत. पुढच्या बैठकीत निर्णय घेऊ. नवी पोरं वाट बघतायत."

त्यांचं अगदीच चूक होतं असं नाही. व्यंकटचे गुडघेही आता कुरकुरत होते. मी काय बोलायचं ते ठरवत होतो, तेवढ्यात औषधांच्या कामानं मला नांदेडला जावं लागलं. रविवार होता. ज्याच्याकडं गेलो, तो मुजीबच्याच मोहल्ल्यातला. बोलता बोलता त्यानं सांगितलं, मुजीबला तोंडाचा कॅन्सर. गुटखा. अर्धा जबडा काढलाय, जिभेचाही तुकडा. इतकी वर्षं समोर खेळलेला माणूस, भेटून जावं म्हणून घर विचारत गेलो.

दार रेहाना भाभींनी उघडलं. आत खाटेवर मुजीब उशीला टेकून बसला होता. दाढी नव्हती. चेहऱ्याची एक बाजूच नव्हती. नाकातून नळी. आणि शेजारी स्टुलावर, नळीला माझ्याच दुकानातली सिरिंज लावून, थेंबाथेंबानं दूध सोडत बसलेला व्यंकट.

"या, कॅप्टन," तो म्हणाला, जणू मी रोजच येत होतो.

मी कुठं बघावं मला कळेना. मुजीबनं ते ओळखलं आणि टॉवेल तोंडावर ओढून घेतला. मी खिडकीकडं बघत तब्येत वगैरे विचारली. भाभींनी चहा ठेवला आणि मला स्वयंपाकघराच्या दाराशी हळूच म्हणाल्या, "बुरा नक्को मानो. किसी को मुंह नै दिखाते. सगे भाई आए तो बी टॉवेल. ये व्यंकटभाई पहली बार आए तो उनके पेट कू देखते बैठे, बस. मुंह की तरफ देखेच नै. आधे घंटे बाद उन्होंने खुद टॉवेल निकाल के बाजू में रखा. तब से ये हर इतवार आते. मैं सो जाती हूँ उतनी देर. हफ्ते में उतनाच सोती."

परत येऊन बसलो तेव्हा मुजीब व्यंकटला काहीतरी सांगत होता. त्याचं बोलणं म्हणजे आता नुसते घशातले आवाज, पण व्यंकटला समजत होतं. "हाव, पंखा कमी करतो. न्हाई, दूध गरम न्हाई." एकदा मुजीब काही न बोलता नुसता ताठ झाला, तर व्यंकटनं लगेच सिरिंज थांबवली. "दुखलं," मला म्हणाला. "थांबावं लागतं मग."

काहीतरी बोलायचं म्हणून मी मलवाडेंची गोष्ट काढली. हसण्यावारी नेत म्हटलं, "मुजीबभाई, आमचे नवे साहेब ह्याला काढायला निघालेत. म्हणतात, हा करतो काय?"

मुजीबनं टॉवेल बाजूला केला. त्याच्या घशातून लांबलचक आवाज निघाले. हात हलत होता, डोळे मोठे झाले होते.

"काय म्हणतात?" मी व्यंकटला विचारलं.

"कायतरी बडबडून राहिला," व्यंकट म्हणाला, आणि खाली बघत सिरिंज पुसायला लागला.

मुजीबनं त्याच्या मांडीवर थाप मारली आणि भाभींकडं बघितलं. भाभी हसल्या. त्या घरात ते हसणं बरेच दिवसांनी आलं असावं.

"बोल रे, बोल रे, बोलते," त्या म्हणाल्या. "बोलते, तुमारा सेक्रेटरी पागल है. मैं सबके सामने खेला. मुंबईवाले, पुनेवाले. ये सामने रहा तो मैच के पहले की रात नींद नै आती थी. अल्ला से मांगता था, उसकू बुखार चढने दे."

मुजीबनं आणखी काहीतरी घशातून काढलं.

"बोलते, नै चढा एक बार बी."

व्यंकटचे कान लाल झाले होते. "आता दवा घ्यायची येळ झाली," तो म्हणाला.

बैठकीत मी हे सगळं सांगितलं. चांगलं सांगितलं. दोघंतिघं गंभीर झाले, एकानं डोळेही पुसले. मलवाडेंनी शांतपणे ऐकून घेतलं. "माणूस थोर आहे. पण विरोधी संघानं दिलेल्या शिफारशीवर आपण टीम निवडायची का?" असं म्हणून त्यांनी हात वर करायला लावले. व्यंकट संघातून गेला. मी दुकानावर जाऊन त्याला सांगितलं तेव्हा तो बियाणांच्या पिशव्या रचत होता.

"बरं झालं," तो म्हणाला. "रविवारचं सरावाचं टोचत होतं मनाला. आता सुटलं."

त्या वर्षी नांदेडच्या त्या उंच पोरानं आमच्यावर इतक्या बास्केट केल्या की मलवाडे अर्ध्यातून उठून गाडीत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "ते बिरादार परत येतील का, विचारून बघा." मी व्यंकटला गाठायच्या आधी तोच माझ्या दुकानात आला. हातात पिशवी, पायात चपला.

"मुजीब गेला," तो म्हणाला. "दुपारच्या नमाजनंतर माती हाय. येता का?"

आम्ही बसनं गेलो. कबरस्तानात खूप लोक होते. व्यंकट मागं उभा होता, पण मुजीबच्या भावानं त्याला हाताला धरून पुढं आणलं. सगळ्यांनी टाकली तशी त्यानं मूठ मूठ माती टाकली. भाभी घरीच होत्या, निघताना आम्ही दारातूनच निरोप घेतला.

परतीच्या वाटेवर बस लोह्याला चहासाठी थांबली. टपरीच्या बाकावर आम्ही दोघं बसलो. मी मलवाडेंचा निरोप सांगितला. परत ये म्हणतात, म्हटलं. चूक कबूल केलीय त्यांनी.

व्यंकट चहाच्या कपाकडं बघत राहिला.

"न्हाई, कॅप्टन," तो म्हणाला. "जमणार न्हाई आता."

"का रे? एखादं वर्ष तर सहज खेळशील."

"खेळाचं न्हाई." त्यानं चहाचा घोट घेतला. "घरी आई. तिला ऐकू येत न्हाई. दुकानात गिऱ्हाईक, ते युरियाबद्दल बोलतं. संघात तुमी लोक एकमेकांशी बोलायचे, जेवायला जायचे. मला वाईट कोणी वागवलं असं न्हाई. पण माझ्याशी बोलायचा तो मुजीबच. वर्षातून एक मॅच, पन शिट्टी वाजल्यापासून सुरू व्हायचा. घरदार हाय का, काय खाल्लं, मान वर कर, कायतरी बोल. मी वाट बघायचो."

"मग तू त्याला उत्तर का नाही द्यायचास कधी?"

"उत्तर दिलं असतं तर त्याचं मन लागलं असतं बोलण्यात, अन् मग त्याच्या बास्केट हुकल्या असत्या त्या माझ्या खेळामुळं न्हाई, बोलण्यामुळं. ते बरं न्हाई." कप बाजूला ठेवत तो म्हणाला, "मागल्या वर्षभरात दिली समदी उत्तरं. एकेक करून."

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. आम्ही बसमध्ये चढलो. व्यंकट खिडकीशी बसला, मी शेजारी. त्याच्याशी काहीतरी बोलावं असं मला फार वाटत होतं, आणि अहमदपूर येऊन गेलं तरी मला एक वाक्य सुचलं नाही.