अण्णांची समुद्रसफर

माझे चुलतभाऊ दत्तूअण्णा दिलेला शब्द कधी मोडत नसत. ते त्याला वळसा घालून जात. डॉक्टरांसमोर एकदा त्यांनी शपथ घेतली, "आजपासून चहाच्या कपाला हात लावणार नाही." दुसऱ्याच दिवशी ओट्यावर बसून भुरके मारताना मी त्यांना पकडलं. अण्णा शांतपणे म्हणाले, "कप म्हणालो होतो. ही बशी आहे. शब्द म्हंजे शब्द, राव!" पिंपरीच्या नव्या कारखान्यात फोरमनशी भांडून "पुन्हा इथं तोंड दाखवणार नाही" म्हणून गरजले, आणि दुसऱ्या दिवशी तोंडाला मफलर गुंडाळून वेळेवर कामावर हजर.

पण एक शब्द त्यांना फार जड गेला. मेव्हण्याच्या लग्नात या थोरल्या जावयाला मानाचा फेटा बांधायचं राहून गेलं. अण्णा भर मांडवात उठले. "पिंपळे गुरवच्या जमिनीला पुन्हा पाय लावणार नाही!" पुढं सुमनवहिनी आईच्या दुखण्यासाठी तिथं माहेरी गेली. आई बरी झाली, तरी वहिनी काही येईना. निरोप मात्र आला, "न्यायला आले तर येईन. न्हाईतर हाय हितंच बरी."

पावसाळा सरला. चिंचवडच्या त्या रिकाम्या घरात अण्णा हातानं रांधून खात होते. विषय काढला की म्हणत, "शब्द म्हंजे शब्द."

आणि अचानक त्यांनी होडी बांधायला घेतली! यंत्रं ज्या खोक्यांतून येत त्यांच्या फळ्या, वर डांबराचा थर. बेत असा: पवना नदीतून मुळेत, मुळेतून भीमेत आणि तसंच थेट समुद्रापर्यंत, तेही एकट्यानं.

"अण्णा, तुम्हाला पोहता येतं?"

"बुडायचं ठरवलेलंच नाही, मग पोहायचं कशाला?"

गावाला चघळायला विषय मिळाला. "दत्तोबा घराण्याची नाव काढणार!" एकानं म्हणावं, दुसऱ्यानं लगेच जोडावं, "काढतोय कसला, बुडवतोय!"

निघायच्या दिवशी आमच्या सौभाग्यवतीनं मला काठाकाठानं जायला फर्मावलं. "ते बुडालेच, तर कुठं बुडाले हे सांगायला तरी कुणी हवं." पोहणं मलाही येत नव्हतं, त्यामुळं कामगिरी माझ्या योग्यतेचीच होती. शिवाय एक कोडं मला सुटत नव्हतं: समुद्राला निघालेला माणूस इस्त्रीचा सदरा घालून, गुळगुळीत दाढी करून का निघावा?

पिंपरीच्या खाली होडी म्हशींच्या कळपात शिरली. म्हशी हलेनात. काठावरच्या गुराख्यानं विचारलं, "कुठवर निघालाव, दत्तोबा?"

"समुद्राला!"

"मग घाई न्हाई म्हना."

मी काटे तुडवत, लोकांच्या बांधांवरून शिव्या खात मागं मागं चाललो होतो. उन्हं कलली तेव्हा पिंपळे गुरवचा घाट आला. एकटी सुमनवहिनी तिथं धुणं धूत होती. अण्णांनी होडी वळवली आणि दोर माझ्याकडं फेकला. "धर."

"उतरा की!"

"जमिनीला पाय लावणार नाही म्हणालोय. पाण्याचं कोण बोललं होतं?"

तेव्हा कुठं त्या इस्त्रीचा उलगडा झाला.

वहिनीनं हातातलं धुणं न थांबवता विचारलं, "कुनीकडं निघालात?"

"समुद्राला."

"मग थांबलात का?"

अण्णांनी वल्हं आडवं ठेवलं. होडीत पाणी झिरपत होतं, पायांतल्या वहाणा भिजत होत्या. मी दोर धरून दुसरीकडं बघायचा प्रयत्न केला; जमला नाही.

अण्णा हळूच म्हणाले, "सुमन, पिठल्यात गुठळ्या का होतात गं?"

बायकोला चारचौघांत नावानं हाक मारलेली मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

वहिनीचे हात थांबले. "रोज होत्यात?"

"रोज."

तिनं वर बघितलं. सदरा कडक होता, पण गळ्याभोवती सैल झाला होता. आत माणूस निम्मा उरला होता.

"तोंडी सांगून न्हाई मोडत त्या," ती म्हणाली. पिळलेल्या धुण्याचा बोळा तिनं माझ्या हातात कोंबला. "भावजी, आईला सांगा, वाळत घाल म्हनावं." मग ओचा खोचला आणि ती पाण्यात उतरली.