हीरोचा उसना हात

"चेहरा त्याचा, हात माझा! नुसत्या हातावरून कोण कुणाला ओळखतंय?"

पेंटरने हे छाती फुगवून सांगितलं, तेव्हा घड्याळजी डोळ्याला भिंग लावून एका मनगटी घड्याळाचं पोट उघडून बसला होता. त्याने मानसुद्धा वर केली नाही.

"अण्णांना विसरलास," एवढंच म्हणाला.

अण्णा म्हणजे पेंटरचे वडील. त्यांनी जन्मभर आगगाडीत तिकिटं तपासली. प्रवाशाच्या चेहऱ्याकडे त्यांनी कधी पाहिलंच नाही. चेहरा काय, हवा तसा करता येतो. हात बघावा, असं त्यांचं म्हणणं. विनातिकीट माणूस खिसे चाचपायला लागायच्या आधीच अण्णा त्याच्यासमोर जाऊन उभे राहत! अशा माणसाच्या घरात पेंटर आणि घड्याळजी कित्येक वर्षं सुखाने राहत होते, कारण अण्णांच्या लेखी घड्याळजी हा मागच्या खोलीतला भाडेकरू होता. त्यांच्यासमोर दोघं एकमेकांना 'अहो-जाहो' करत. "मीठ देता का जरा?" "घ्या ना, तुमचंच आहे." अण्णांना कळलं तर काय होईल, हाच पेंटरला घोर. ते ओरडले असते तर एक वेळ चाललं असतं. पण ते शांतपणे "खोली रिकामी करा" म्हणाले तर? घड्याळजी गेला तर घरात उरणार काय? नुसती घड्याळं!

तरीही पेंटरने काम घेतलंच. तो स्टुडिओत मालिकांचे मागचे पडदे रंगवायचा. नव्या मालिकेचा नायक होता चित्रकार, तोही गे. भूमिकेसाठी आणलेल्या हीरोचे दंड असे, की शर्टाच्या बाह्या जीव मुठीत धरून असत. पण ब्रश हातात दिला की भिंतीला चुना लावल्यासारखा फिरवायचा. म्हणून जवळून दिसणारा हात पेंटरचा घ्यायचं ठरलं.

पहिल्याच दिवशी हीरो त्याला शिकवायला आला.

"करंगळी वर घ्या."

"का बरं?"

"अहो, पात्र गे आहे."

"करंगळीसुद्धा?"

हीरोने कीव आल्यासारखं पाहिलं. "माझा अभ्यास आहे. ह्या विषयावरचे झाडून सगळे सिनेमे पाहिलेत मी. असा चित्रकार रेशमी झगा घालतो, खिडकीत उभा राहून सुस्कारे सोडतो, निदान एक तरी ग्लास फोडतो आणि शेवटी मरतो."

"म्हणजे तुम्हीही मरणार?"

"ते चॅनेल ठरवेल. मालिका चालली तर नुसता परदेशी जाईन. तुम्ही असा माणूस कधी जवळून पाहिलाय का?"

'रोज सकाळी, दाढी करताना', हे उत्तर पेंटरच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्याने ते गिळलं. "नाही बुवा," तो म्हणाला आणि मुकाट्याने करंगळी वर केली. त्याबरोबर ब्रश डगमगला आणि चित्रातल्या म्हाताऱ्याचं नाक गालावरून कानाच्या भेटीला निघालं. डायरेक्टर बाई मात्र हरखून गेल्या. "वा! काय वेदना आहे!"

काही दिवसांनी पेंटर असाच निर्धास्त घरी आला, तर अण्णा दारातच उभे!

"अरे, टीव्हीवर तुझा हात लागला!"

झालं! मालिकेच्या जाहिरातीत जेमतेम निमिषभर दिसलेला हात अण्णांनी ओळखला होता. एवढंच नाही, वरच्या मजल्यावरच्या काकूंपासून खालच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांना सांगूनही झालं होतं. "चेहरा कुणा पैलवानाचा आहे, पण हात आमच्या पोराचा!" 'हात दाखवून अवलक्षण' म्हणतात ते हेच, हे पेंटरला तेव्हा कळलं.

त्या दिवसापासून अण्णा रोज संध्याकाळी टीव्हीसमोर ठाण मांडून बसू लागले आणि पेंटर त्यांच्याशेजारी जीव मुठीत धरून बसू लागला. धोक्याचा संवाद आला की तो खोकायचा. सुरुवातीचे भाग निभावले, कारण हीरो नुसताच खिडकीत उभा राहायचा.

"ह्याला पित्त झालंय," अण्णा म्हणायचे. "काहीतरी खायला द्या म्हणावं."

पण कथा पुढे सरकत होती. नायकाचा प्रियकर आता येणारच होता. तो आला, की अण्णा पडद्यावरच्या हाताकडे बघणार, मग शेजारच्या हाताकडे बघणार, मग मागच्या खोलीकडे! पेंटरची झोप उडाली. शेवटी तो डायरेक्टर बाईंकडे गेला.

"बाई, माझा हात काढून टाका."

"असा कसा काढून टाकू? लोकांना हीरोपेक्षा हात आवडलाय!"

"त्याला बरं नाहीये."

"कुणाला?"

"हाताला. कणकण आहे."

बाईंनी हात कपाळावर मारला, स्वतःचाच. त्यांच्यापुढे मोठं संकट होतं. त्या दिवशी नायक आणि प्रियकर पहिल्यांदा एकमेकांचा हात धरणार होते आणि सकाळपासून ते काही केल्या जमत नव्हतं. दोघं नट एकमेकांचा हात असा धरत होते, की जणू दोघं मिळून कपाट जिन्यावरून खाली नेतायत!

"अहो, प्रेम आहे तुमचं!" बाई ओरडल्या.

"हो, पण ते पुढच्या भागात ना?" प्रियकर म्हणाला.

हीरोचं म्हणणं, आधी ग्लास फोडतो म्हणजे मूड येईल. त्याने फोडला. मूड आला नाही, झाडूवाला आला.

आणि नेमका त्याच वेळी पेंटरचा घरी राहिलेला चष्मा घेऊन घड्याळजी आत शिरला!

पेंटर धावत पुढे झाला. "हे... हे आमचे भाडेकरू," तो कुणी विचारलं नसताना मोठ्याने म्हणाला. "अहो, तुम्ही कशाला त्रास घेतलात?"

"चष्म्याशिवाय तुम्हाला दिसत नाही ना," घड्याळजी म्हणाला.

बाईंची नजर चष्म्यावर नव्हती. चष्मा धरलेल्या बोटांवर होती. बारीक काम करणारी, न थरथरणारी बोटं ती! "तुम्ही हात द्याल का? फक्त हात. ह्यांच्या हातात."

पेंटरने डोळे वटारले, मान हलवली, ओठ दाबले. शहाणा माणूस असता तर पळूनच गेला असता.

"देऊ की," घड्याळजी म्हणाला.

दोघांना टेबलापाशी बसवलं. वर दिवा, समोर कॅमेरा. पेंटरने मनाशी पक्कं केलं होतं, हात असा द्यायचा की बघणाऱ्याला वाटावं, बँकेत दोन अनोळखी माणसं भेटली! पण दिवसभर ब्रश धरून त्याच्या अंगठ्याचं मूळ दुखायचं, आणि रोज संध्याकाळी मागच्या खोलीत घड्याळजीचा अंगठा तिथे फिरायचा. कॅमेरा सुरू झाला, हातात हात आला, आणि तो अंगठा न सांगता आपल्या जागी गेला. पेंटरची बोटं आपोआप सैल झाली. करंगळी कुठे होती, ते त्याच्या लक्षातही राहिलं नाही.

"कट!" बाई म्हणाल्या. मग पुन्हा म्हणाल्या, "अहो, कट म्हटलं मी!" तेव्हा कुठे हात सुटले.

हीरो मान हलवत पुढे आला. "एक सूचना करू? फार साधं वाटलं. वीस वर्षं संसार केलेल्या माणसांसारखं."

"म्हणूनच घेतेय," बाई म्हणाल्या.

तो भाग दाखवायचा होता त्या संध्याकाळी पेंटरने रिमोट पिठाच्या डब्यात लपवला. अण्णांनी टीव्ही उठून बटणाने लावला. मग पेंटरने फ्यूज काढून घड्याळजीच्या अवजारांच्या पेटीत टाकला. घरभर अंधार!

"जाऊ दे," अण्णा म्हणाले. "काकूंकडे बघतो."

"अण्णा, जिना चढू नका! गुडघे!"

"पोराच्या हातासाठी चढेन रे," असं म्हणून ते बॅटरी घेऊन गेलेसुद्धा.

खाली दोघं अंधारात बसून राहिले. छतातून मालिकेचा आवाज येत होता. व्हायोलिन वाजलं. व्हायोलिन म्हणजे प्रेम, हे पेंटरला एव्हाना पाठ होतं. मग ते थांबलं. वर एक खुर्ची सरकली.

"मी बॅग भरू का?" घड्याळजीने हळूच विचारलं. नेहमी शांत असणाऱ्या त्याचा आवाज कापत होता, आणि तो ऐकून पेंटरला रडूच कोसळलं.

"तू गेलास तर मीही येणार," तो म्हणाला. पण अण्णांना एकटं टाकून कसं जायचं, हे त्याला कळत नव्हतं.

जिन्यावर पावलं वाजली. दारात बॅटरीचा झोत आला आणि त्यामागे अण्णा.

"उभे राहा. दोघंही. हात पुढे करा."

विनातिकीट सापडल्यासारखे दोघं उभे राहिले. अण्णांनी एकेका हातावर झोत टाकला, उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला. "हा," ते म्हणाले. "आणि हा."

"अण्णा, मी सांगणारच होतो..."

"कधी? मी गेल्यावर?" अण्णा खाली बसले. त्यांचे डोळे लाल झाले होते. "एका घरात राहून मला हे टीव्हीवरून कळावं? तेही दुसऱ्याच्या टीव्हीवरून! वाईट वाटलं रे. मी इतका परका का?"

शेवटी पेंटरने तोच प्रश्न विचारला, जो त्याला कधीच विचारायचा नव्हता. "खोली... रिकामी करायची का?"

"कुणी?" अण्णा गरजले. "भलतंच काय बोलतोस? त्या बाईला आधी फोन लाव! शेवटी नावं आली, ती सगळी मी उभं राहून वाचली. हीरोचं नाव, केस विंचरणाऱ्याचं नाव, चहा देणाऱ्याचंसुद्धा नाव! तुम्हा दोघांचं कुठेच नाही!"

"अण्णा, नुसत्या हाताचं नाव देत नाहीत."

"तुझं नसेना का! तू घरचा आहेस. पण जावयाचं? जावयाचं नाव खाल्लं त्यांनी! सांग त्यांना, आमचे जावई रुसलेत म्हणावं!"

पेंटर आणि घड्याळजी एकमेकांकडे बघत राहिले. घड्याळजी आयुष्यात कधी कुणावर रुसला नव्हता. त्याने डोळे पुसले, खुर्ची ओढली आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

"रुसलोय," तो म्हणाला.

अण्णा लगबगीने बॅटरीच्या उजेडात चहा टाकायला गेले. "साखर किती घालू, जावईबापू?" आतून आवाज आला. फोन कानाला लावून उभ्या असलेल्या पेंटरला मात्र कुणी चहा विचारला नाही. तो घरचाच ना!