चौकटीत न मावणारं नाव

आमचा महादेव खरात श्रद्धांजलीच्या फ्लेक्समधल्या चुका काढतो. थट्टा नाही, उंब्रजला मी सोबतच होतो. दशक्रियेला सगळे माना खाली घालून उभे, आणि हा पठ्ठ्या फ्लेक्ससमोर डोळे बारीक करून. शेवटी हळहळत म्हणाला, “फुटलंय गड्या.” ‘श्रद्धांजली’तला ‘द्ध’ फुटून द आणि ध वेगळे पडले होते, एवढंच त्याचं दुःख. गेलेल्या माणसाच्या थोरल्या मुलाला वाटलं, ह्याचं काळीज फुटलं. तो खरातच्या गळ्यात पडून रडायला लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सांगलीत एका छोट्या कंपनीत आम्ही दोघं वेबसाइटी बनवतो. खरात मूळचा माणचा. नाव भरायची कुठलीही चौकट दिसली की हा तीत आधी ‘ऐश्वर्या’ टाकून बघणार. ऑफिसात कुजबुज, जुनं लफडं असणार. मी तोंडावर विचारलं, तर म्हणाला, बहीण हाय.

मग तिकडं तोंड फिरवून सगळं सांगितलं. तीन मुलींच्या पाठीवर चौथी झाली, म्हणून घरच्यांनी तिचं नाव ठेवलं नकुशा. म्हणजे नको असलेली. असं नाव ठेवलं की पुढं मुलगा होतो म्हणे. झाला, तो हा खरात. मोठेपणी सरकारी कार्यक्रमात अशा मुलींची नावं बदलली, तेव्हा तिनं आपल्या तोंडानं ऐश्वर्या मागून घेतलं.

आता तिला किडनीचा त्रास. लग्न झालं नाही, खरातकडंच राहते. ती जाते त्या दवाखान्यात नावं पुकारायची सिस्टीम आमच्याच कंपनीची, जुनाट. तीत नावाला वीस बाइटची जागा. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. मराठीत अक्षराला तीन, काना-मात्रेला तीन, पाय मोडायच्या खुणेलासुद्धा तीन. नकुशा आरामात मावायची. ऐश्वर्याची ‘र’पाशी मुंडी मुरगळायची आणि पुढं काळ्या चौकोनात प्रश्नचिन्ह. वैतागून काउंटरवरच्या बाईंनी जुन्या फाइलवरचं नकुशा टाकलं, आणि भरल्या दवाखान्यात तेच पुकारलं जाऊ लागलं. खरातला ते सहन होईना.

साहेब म्हणाले, नावं इंग्रजीत टाका, विषय मिटला. खरात एरवी साहेबांपुढं मान वर करत नाही. त्या दिवशी म्हणाला, “तिला मराठीच वाचाय येतंय, साहेब. तिचं नाव तिला दिसाय नको व्हय?”

साहेबांनी ‘कर काय करायचं ते’ म्हणून परवानगी दिली. मग खरातनं सगळी सिस्टीम उसवली. बाइट मोजून कापणं बंद, अख्खं अक्षर मोजायचं. जागाही वाढवली. त्यापायी माझं डोकं लय खाल्लं. जोडाक्षर तोडलंस काय, रफार कुठं घालवलास, दिवसभर हेच. बहिणीला मात्र त्यानं काही सांगितलं नव्हतं. तिला ते अचानक ऐकवायचं होतं.

सिस्टीम चालू केली त्या दिवशी मीही गेलो. बहीण पुढच्या बाकावर, मांडीवर पिशवी. खरात भिंतीला टेकून. पडद्यावर नाव आलं, ऐश्वर्या, रफारासकट, कुठं काही फुटलेलं नाही. स्पीकरमधून स्वच्छ हाक आली.

ती हलली नाही. परत हाक आली. तिनं ओठ हलवत पडद्यावरचं वाचलं आणि आजूबाजूला बघितलं, कोण ही बाई, उठत का नाही. शेजारणीला विचारलंसुद्धा, तुमीच का? खरातचा चेहरा मला बघवेना. त्या नावानं तिला कुणी कधी हाकच मारली नव्हती. गावात नाही, घरात नाही. त्यानंही नाही.

काउंटरवरच्या बाई पुढचं नाव घ्यायला लागल्या. तसा खरात तिच्याजवळ गेला, वाकला आणि हळू आवाजात म्हणाला,

“नकुआक्का, ऊठ. तुलाच बोलवत्यात.”

ती लगेच उठली.