सुभद्राबाईंचा हात कोणी नेला त्याची हकीकत

श्रीगजवदनास नमन, आणि जे आपल्या हाताने रेघ ओढितात त्या सकळांस दंडवत. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, एके राज्यी वर्तले ते लिहितो. राजधानीत चित्रे करणारे यंत्र सिद्ध जाहले आणि शब्द उच्चारिताच चित्र देऊ लागले, आणि मग काचेच्या पाटीवर विजेच्या लेखणीने काढणारी चितारी मंडळी देशोधडीस लागली. त्यांत सुभद्राबाई तांबट म्हणोन थोर कसबी. बाईंनी एकेक रेघ दहा वेळा पुसोन काढावी, आणि लोकांनी म्हणावे, "बटण दाबलं, दुसरं काय!" बाईंस याचे दुःख अपार. चित्र कोणी घेवो न घेवो, हात माझा आहे इतके तरी माना, ऐसे सर्वांस विनवीत.

ते समयी कसब्यात नारोपंत केळुसकर यांचे दोन खणांचे चित्रदालन होते. पंत भले, परंतु भोळे, आणि भोळेपणाचा मज फार संताप येतो. पंत बोलिले, "बाई, आमच्या दालनाचा रिवाजच आहे, चितारी बसोन काढितो आणि गाव पाहतो. तुम्हीही बसा. भिंतीवर मोठा पडदा लावितो, पहिल्या रेघेपासून सगळं दिसू दे. मग कोण काय बोलतो पाहू." आणि मग बाई बसल्या आणि चुकणे, खोडणे, पुन्हा जमविणे सर्व पडद्यावर उमटले आणि गाव लोटला, आणि एक म्हातारा कासार डोळे पुसोन वदला, "पोरी, हे तर आमच्यासारखंच कष्टाचं काम गं!" बाईंच्या मुखावर बहुता दिवसांनी तेज आले. तोच राजधानीचे दोघे कारकून सभ्य वेषे येऊन बसले आणि एकवीस दिवस सर्व रेघा मोबाइलात भरोन नेत गेले, आणि पंतांनी त्यांस रसिक मानोन रोज चहा पाजिला! मग त्या रेघा यंत्रास शिकविल्या आणि मासाभरात यंत्र बाईंच्याच हाताने काढू लागले, चुका आणि खोडाखोडीसुद्धा.

पुढील प्रदर्शनास परगावच्या एक बाई आल्या आणि सुभद्राबाईंस कौतुके म्हणाल्या, "अगदी हुबेहूब यंत्रासारखं काढता हो! कुठं शिकलात?" पंतांनी सुभद्राबाईंपुढे हात जोडिले, तेव्हा त्या इतकेच बोलिल्या, "पंत, तीन आठवडे लोकांनी मला मानलं, ते तुमच्यामुळं." आणि लेखणी खाली ठेविली, ती पुन्हा धरिली नाही.

एवंच, दालन आजही चालते. पंत आता चितारियास पडद्याआड बसवितात, आणि लोक बाहेरून पुसतात, आत खरंच कोणी काढतंय काय.