दुर्गनगरीच्या रोपवेची मोहीम

पुणे शहरच्या समस्त जाणत्या मंडळींस विदित व्हावे. धायरीच्या पलीकडे डोंगराच्या उतारावर दुर्गनगरी नामे नूतन खेळनगरी उभी राहिली, तीस लोक थीम पार्क म्हणतात, आणि तीविषयी शहरात नाना मते उठली, आणि मत देणारे पुष्कळ व पाहून आलेले थोडे ऐसा प्रकार जाहला, म्हणोन जे आम्ही डोळ्यांनी पाहिले ते लिहून ठेवितो. आम्ही श्यामसुंदर, राहणार धायरी, वीज खात्याच्या चाकरीतून निवृत्त. अलंकार आम्हांस येत नाहीत. घडले तैसे लिहिले आहे. कमीजास्त दिसल्यास वाचणाराने आपला अभिप्राय आपल्यापाशी ठेवावा.

दुर्गनगरीचा बेत ऐसा की सह्याद्रीतल्या किल्ल्यांच्या लहान प्रतिकृती एका डोंगरावर बांधाव्या, आणि माथ्यावर बालेकिल्ला असावा, आणि ज्यांस चढवत नाही त्यांनी दोरावरच्या पाळण्यात, म्हणजे रोपवेत, बसून वर जावे. बेत जाहीर होताच शहरातली गडप्रेमी मंडळी जागी जाहली. पायाचा दगड बसण्यापूर्वीच बुरूज चुकला ऐसा निकाल लागला. मग एक गृहस्थ सकाळी म्हणाले की जागा फार लहान घेतली, आणि तेच गृहस्थ संध्याकाळी म्हणाले की एवढा डोंगर कशास अडविला. दुसरे एक उद्घाटनाच्या आदल्या दिवशी जाऊन, दरवाजा बंद पाहून, फोनवर पाचपैकी एक तारा देऊन आले, आणि खाली लिहिले की दरवाजा भक्कम आहे परंतु अगत्य नाही. बुधवार पेठेतल्या एका पुस्तकविक्रेत्यांनी गिऱ्हाइकाचे सुटे पैसे हातातच ठेवून निवाडा दिला की पूर्वी तिथे काहीच नव्हते, तेच जास्त चांगले होते. आणि पुण्यास असल्या गोष्टीची गरज नव्हती ऐसे जे जे म्हणाले, ते ते पहिल्या रविवारी सहकुटुंब रांगेत होते.

या सर्वांत प्रबळ फौज 'तटबंदी' नामे फोनवरच्या समूहाची. तिचे सरदार गंधारराव, वय तिशीचे, दाढी राखलेली, हिंजवडीत संगणकाची चाकरी, आणि सुटीचा दिवस उजाडला की पाठीवर पिशवी टाकून गडाकडे कूच. यांनी दुर्गनगरीची छायाचित्रे मोठी करकरून पाहिली आणि चुकांचा जाहीरनामा काढिला. महादरवाजा समोरून दिसतो, सबब शत्रूस वाट सापडेल. (शत्रू कोण, ते जाहीरनाम्यात नव्हते. तिकीट काढून येणारी रयत, ऐसा आमचा कयास.) तोफेचे तोंड वाहनतळाकडे आहे. टाक्यातले पाणी गाळलेले आहे, अस्सल गडावर त्यात बेडूक असतो. पिठले पातळ आहे, ऐसेही एक कलम होते, आणि ते छायाचित्रावरून ठरविले होते. शेवटी फर्मान ऐसे की गड पायीच चढावा, रोपवेने जाणे हा गडाचा अपमान, म्हणोन येत्या रविवारी मंडळींनी रोपवेच्या तळाशी बसून नाकेबंदी करावी आणि कोणास वर जाऊ देऊ नये.

आता आमचा मजकूर. आमचे कुटुंब वासंतीबाई. यांस जन्मभर दमा. आमच्या गच्चीतून सिंहगड दिसतो, तो बाईंनी लग्न होऊन आल्यापासून खालूनच पाहिला. मोटारीने वर वाहनतळापर्यंत आम्ही घेऊन गेलो होतो, परंतु तिथून पुढे पायऱ्या, आणि बाई पहिल्या वळणाशीच बसल्या, आणि ताक पिऊन आम्ही परत आलो. दर दिवाळीस मात्र सोसायटीच्या आवारात विटा, पोते आणि लाल माती घेऊन त्या स्वतः किल्ला करीत, आणि आळीव पेरून हिरवळ उगवीत, आणि सगळे मांडून झाले की वाकून किल्ल्याच्या माथ्याशी डोळा लावीत आणि तिथून आवार कसे दिसते ते पाहात. दुर्गनगरीत रोपवे होणार ऐसी बातमी आली तेव्हां सारे शहर अपेक्षांची यादी करीत होते, आणि बाईंची अपेक्षा एकच होती. म्हणाल्या, "चुकाबिका मला काही बघायच्या नाहीत. एकदा वरून खाली बघायचंय."

नगरी उघडण्यास विलंब जाहला, आणि थंडीत बाई कैलासवासी झाल्या, आणि नगरी त्यानंतर उघडली.

मग आम्ही निश्चय केला की बाईंचे पाहणे राहिले, ते आपण पाहून यावे. आमच्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झालेल्या, पायऱ्या चढू नयेत ऐसा डॉक्टरांचा हुकूम, म्हणजे वर जाण्यास रोपवेवाचून मार्ग नाही. आणि नाकेबंदीचे वर्तमान आम्हांस शनिवारीच पोहोचले होते. शेजारी म्हणाले, पुढच्या आठवड्यात जा, गर्दी ओसरेल. पुढच्या आठवड्यावर आता आमचा विश्वास राहिलेला नाही. सबब रविवारीच कूच ठरले.

बरोबर शेजारचे सीतारामपंत, निवृत्त मुख्याध्यापक. यांची ख्याती ऐसी की जेथे एक खुर्ची व चार माणसे दिसतील तेथे हे अध्यक्ष होतात. रिक्षा केली. रिक्षावाल्याने वाटेत आपण होऊन सांगितले की आत काही दम नाही. तू आत गेला होतास काय, ऐसे पंतांनी विचारता तो म्हणाला, "आत कशाला जायला लागतंय काका? बाहेर येणाऱ्यांची तोंडं बघतो ना रोज." दुर्गनगरीविषयी आम्ही ऐकलेला हा पहिला पुराव्यासहित अभिप्राय.

महाद्वारी झडती जाहली आणि पंतांच्या पिशवीतल्या गुळाच्या पोळ्या सापडल्या. बाहेरचे खाद्य आत नेण्यास मनाई, ऐसे पहारेकऱ्याने सांगितले. पंतांनी हुज्जत घातली नाही. दरवाज्यातच बाजूस उभे राहून सर्व पोळ्या सावकाश खाल्ल्या, हात पुसले, आणि "आता अडव म्हणावं" ऐसे बोलून आत आले. रसद ऐसी सुखरूप आत पोहोचली.

रोपवेच्या तळाशी आलो तो नाकेबंदी पुरी बसलेली. तटबंदीची मंडळी ओळीने जमिनीवर बसली होती, हाती पाट्या, अंगात एकसारखे काळे सदरे, आणि ज्यांस वर जाणे होते ते म्हातारे व लेकुरवाळ्या बाया उन्हात ताटकळत होत्या. नगरीचे कारभारी भले आणि भित्रे, त्यांनी दोन्ही पक्षांस पाणी वाटले आणि आपण सावलीत जाऊन उभे राहिले. रिकामे पाळणे वर जात होते आणि रिकामेच खाली येत होते. आम्ही पुढे जाहलो. तेव्हां गंधारराव उठून आडवे आले, आणि अदबीने म्हणाले, "काका, पायऱ्या तिकडे आहेत."

"गुडघे इकडे आहेत," आम्ही म्हणालो.

"सॉरी काका, पण गड फील करायला लागतो. वर गेलात आणि घामच नाही आला, तर काय अर्थ आहे त्याला?"

"घाम मला इथे उभं राहूनच आलाय."

मंडळीतले दोघेतिघे हसले, सरदारांनी त्यांजकडे पाहिले, आणि ते हसायचे थांबले. वाट मात्र मिळाली नाही. जे आयुष्यात दमेकरी माणसाबरोबर जिना चढले नाहीत, ते दम कशास म्हणतात हे आम्हांस समजावीत होते. आम्ही मागे सरून एका झाडाखाली बसलो आणि शत्रूचे बलाबल पाहिले. पाहता ध्यानात आले की ही मंडळी कोणास अडविण्यास आलेली नव्हेत. यांस बोलावयाचे होते. घरी यांचे कोणी ऐकत नाही, आणि फोनवर जो तो आपलेच लिहितो, दुसऱ्याचे वाचीत नाही. मग आम्ही सीतारामपंतांशी मसलत केली. पंतांचे डोळे चमकले. झाडाखाली सिमेंटचा एक बाक होता, त्यावर ते मधोमध बसले, चष्मा लाविला, आणि शाळेच्या आवाजात पुकारा केला, "अभिप्राय ऐकून घेतले जातील. एका वेळी एक. वेळ लागेल."

पंतांपाशी कागद नव्हता, लेखणी नव्हती, आणि कोणी अधिकारही दिला नव्हता. हे कोणी विचारिले नाही. प्रथम एक उठला, मग दोन उठले, मग सारी ओळ उठली, आणि झाडाखाली ऐसी रांग लागली की तैसी तिकीटखिडकीवर लागली नव्हती. तोफेचा मुद्दा आधी की टाक्याचा, यावरून केयूर व वल्लरी या दोन बिनीच्या शिलेदारांत जुंपली. आणि लेकुरवाळ्या बाया, ज्यांस अडविले म्हणोन इतका वेळ राग होता, त्याही पोरे काखेत मारून त्याच रांगेत गेल्या, कारण स्वच्छतागृहाविषयी त्यांचेही मत होते, आणि म्हातारेही त्यांच्यामागे जाऊन उभे राहिले. पंत प्रत्येकाचे ऐकून मान डोलवीत आणि "पुढचे" म्हणत. येणेप्रमाणे शत्रूची फळी फुटली, आणि रक्ताचा थेंब न सांडता रोपवेचा तळ मोकळा जाहला.

मग आम्ही पाळण्यापाशी गेलो. तेथे अवनी नामे मुलगी तैनात होती, नगरीचा गणवेश घातलेली. तिने दांडी वर केली, आमच्या मागे पाहिले आणि विचारले, "दुसरं कोण आहे काका?"

कोणी नाही, ऐसे सांगता तिने दांडी पुन्हा खाली घेतली. एकट्यास सोडीत नाहीत, नियम आहे. रिकामा पाळणा सरळ जातो, दोघांचा सरळ जातो, एकट्याचा कलतो. यावर आम्ही झाडाकडे पाहिले. दुसरा माणूस एकच आणला होता आणि तो डावपेचात खर्ची घातला. सीतारामपंत उठते तर रांग मोडती, आणि रांग मोडती तर सारी फौज परत येऊन तळ धरती. युक्ती आमची आणि फजितीही आमचीच.

अवनीने पोटची लेक बोलते तैसे मऊ आवाजात विचारले, "कोणी येणार होतं का तुमच्याबरोबर?"

"मिसेस येणार होत्या. त्या गेल्या थंडीत."

पाळणे येत होते आणि जात होते. आता गंधारराव तिथेच उभे होते. सरदाराने आपल्याच शिपायांच्या मागे रांगेत उभे राहणे शोभत नाही, म्हणोन ते एकटे मागे राहिले होते, आणि आमचे बोलणे त्यांनी ऐकले. त्यांनी झाडाकडे पाहिले, बुटाकडे पाहिले, मग जवळ येऊन हळूच म्हणाले, "मी बसतो काका. फक्त चुका बघायला. फोटो नाही काढायचा."

दांडी उघडली आणि आम्ही दोघे बसलो आणि जमीन सुटली. जमीन सुटताच सरदारांनी पुढची दांडी दोन्ही हातांनी गच्च धरिली आणि डोळे मिटले. राजगडाची उभी वाट चढणारे हे वीर, परंतु पायाखाली दगड नसल्यास त्यांचे काही चालत नाही. डोळे मिटूनच ते चुका सांगू लागले. डावीकडे तट आहे, त्याचे थर चुकले. आता बुरूज येईल, त्यास जंग्या, म्हणजे बंदुकीची भोके, नाहीत. एकही चूक हुकली नाही, कारण साऱ्या पाठ होत्या. आम्ही ऐकत होतो. शेजारून कोणी इतके बोलले त्यास बरेच महिने झाले होते.

मध्येच त्यांनी विचारले, "काकूंना कुठला गड आवडायचा?"

"एकही बघितला नाही तिने. दिवाळीत मातीचा करायची."

"वरती काय पेरायच्या? मोहरी?"

"आळीव."

"बरोबर," डोळे न उघडता गंधारराव म्हणाले. "मोहरी उंच वाढते. तट झाकून टाकते."

संपूर्ण मोहिमेत तटबंदीकडून बरोबर ऐसा शेरा मिळाला तो एवढ्या एकाच गोष्टीस. इमानाने येथे नोंदविला आहे.

माथा गाठला. बालेकिल्ल्याविषयी शहरात जे बोलले जाते ते खरे आहे. बुरजावर बोटाने टकटक केली तर पिंपासारखा वाजतो. पक्ष्यांचा आवाज कर्ण्यातून येतो, आणि तोच पक्षी घटकेघटकेस तेच ओरडतो. भगदाडातून पाहावे तो आत आइस्क्रीमचे दुकान. बांधणाराने सह्याद्री ऐकून बांधला आणि पाहणाराने छायाचित्रात पाहून मोडला, दोघांसही आमचा नमस्कार. परंतु तटाशी गेलो तो वारा आला, आणि तो अस्सल होता. खाली अवघा मुलूख पसरला होता, गच्च्या, सौर तबकड्या, सिंहगड रस्त्यावरची मोटारींची कोंडी. आपले घर कोणते ते आम्हांस सापडेना, म्हणोन सोसायटीचे नाव व खुणा मोठ्याने घोकीत आम्ही शोधीत होतो. तेव्हां गंधारराव तटास पाठ लावून उभे होते ते वळले, एक डोळा उघडिला, आणि बोट करून म्हणाले की ती निळी टाकी, तिच्या डावीकडून तिसरी गच्ची. ती आमची होती. तिथे दोरीवर आमचा टॉवेल वाळत होता. जिथून बाई गडाकडे पाहात ती जागा इतकी लहान दिसते हे आम्हांस ठाऊक नव्हते. आम्ही बराच वेळ पाहिले. तटबंदीच्या सरदारांनी तेवढा वेळ काहीएक मत दिले नाही.

मग उतरण्यापूर्वी उभयपक्षी तह ठरला तो ऐसा. गंधाररावांनी रोपवेत पाऊल ठेविले हे त्यांच्या समूहास कळू नये, सबब या लेखात त्यांचे खरे नाव घातलेले नाही, आणि दाढीही बदलली आहे. आमचे कलम एकच, की आम्हांस पुन्हा वर जावेसे वाटले तर एकट्यास सोडीत नाहीत, तरी त्यांनी शेजारी बसण्यास यावे. ते त्यांनी मान्य केले. डोळे उघडे ठेवण्याची हमी मागितली नाही आणि दिली नाही.

खाली सीतारामपंतांची सभा चालू होती. मंडळी इतकी समाधानी होती की जाहीरनाम्याची आठवण कोणास राहिली नव्हती, आणि पुढच्या रविवारीही ऐकण्यास यावे ऐसा अर्ज पंतांकडे आला होता.

येणेप्रमाणे दुर्गनगरीचा बालेकिल्ला रविवारी, भर उन्हात, फत्ते जाहला. जखमी कोणी नाही. किल्ला फायबरचा आहे, दरवाजा चुकला आहे, पिठले खरोखरच पातळ आहे. गड वासंती श्यामसुंदर, राहणार धायरी, यांच्या नावे रुजू केला असे.